नोंदवहीत नसलेला पाहुणा

शनिवारी दुपारनंतर मनोरहून पालघरकडे येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या काचा नीट पाहिल्या, तर काहींवर आतून ओल्या नाकाचे ठसे दिसतात. गाडी केळव्याला नाहीतर शिरगावच्या किनाऱ्याला निघालेली असते. पुढे आईबाप, मागे मुलं आणि मुलांच्या पायाशी एखादा लॅब्राडॉर किंवा मांडीवर शिह त्झू. खोली ठरवताना माणसं सांगितलेली असतात चार. पाचवा कोण आहे का, हे कुणी विचारलेलं नसतं आणि कुणी सांगितलेलंही नसतं.

पालघरजवळचं कोळगाव काही समुद्रकाठचं गाव नव्हे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, मुख्यालयासाठी इथली जागा ठरली, सिडकोने इमारती उभ्या केल्या आणि २०२१पासून जिल्हाधिकारी कार्यालयाचा कारभार इथून चालू लागला. त्यामुळे भातखाचरांच्या या गावात दोन तऱ्हेचे पाहुणे उतरू लागले. सोमवार ते शुक्रवार सुनावणीला आलेले, बैठकीला आलेले, बदलीवर हजर व्हायला आलेले आणि अजून घर न मिळालेले कर्मचारी. तारापूर एमआयडीसीत यंत्र बसवायला आलेले तंत्रज्ञ. शनिवार-रविवारी मुंबईकडची कुटुंबं, ज्यांना किनाऱ्यालगत खोली मिळाली नाही किंवा तिथला शनिवारचा भाव ऐकून जी दोन पावलं मागे आली. रविवारी दुपारी जी गादी एक कुटुंब सोडून जातं, तिच्यावर सोमवारी रात्री दुसराच कुणी झोपतो. पुढचा सगळा वाद या एका गादीपाशी येऊन अडतो.

वाद घालणारे दोघे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. मामांचं कोळगावात वाडीतलं घर आहे. वरच्या दोन आणि खालची एक अशा तीन खोल्या ते भाड्याने देतात. भाची बोरिवलीला असते, बँकेत नोकरी करते आणि रस्त्यावरून उचलून आणलेल्या भुरी नावाच्या कुत्रीसह हिंडते. दोघांची नावं मुद्दाम देत नाही.

मामा : हे बघ, कुत्र्याचा मला राग नाही. या घरात कुत्रं नाही असा काळ मला आठवत नाही. पण ते ओसरीच्या आत कधी आलं नाही. त्या दिवशी चौघं आली, मी चहा दिला, किल्ली दिली. रात्री अकराला वरून भुंकणं. जाऊन बघतो तर बाथरूममध्ये हा एवढा थोरला काळा कुत्रा, अंगावर माझाच टॉवेल. आणि साहेब म्हणतात, काका, तो एकदम शांत आहे.

भाची : शांत असेलच तो. अनोळखी बाथरूममध्ये कोंडल्यावर कोण भुंकणार नाही? पण मामा, तुम्ही त्यांना विचारलं होतं का?

मामा : फाटकावर पाटी आहे. ‘पाळीव प्राणी आणू नयेत.’

भाची : फाटकावर! म्हणजे ॲडव्हान्स भरून झाला, शे-सव्वाशे किलोमीटर गाडी चालवून झाली, पोरं भुकेली झाली की मग वाचायची पाटी. आणि फोनवर विचारलं तर काय होतं ते मी सांगते. “आमच्याकडे एक कुत्री आहे” एवढं वाक्य मी आजवर पुरतं केलेलं नाही. “कुत्री” म्हणायच्या आत पलीकडून “नाही, नाही.” ती केवढी आहे, लस दिली आहे का, झोपते कुठे, कुणी विचारत नाही. एकदा एकांनी मोठ्या मनाने हो म्हटलं. गेलो, तर जनरेटरच्या शेडमध्ये पिंजरा दाखवला. रात्रभर मी त्या पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसले.

मामा : म्हणून लपवायचं?

भाची : मी लपवत नाही. पण लपवणारे का लपवतात ते मला कळतं. खरं सांगितलं की खोली जाते. लपवलं तर खोली मिळते, आणि पकडले गेलोच तर सॉरी म्हणायचं. तुम्हीच असा भाव लावून ठेवलात की खोटं स्वस्त पडतं.

इथे मामा गप्प झाले. हे मी पाहिलं म्हणून नोंदवतो. मामा सहसा गप्प होत नाहीत. मला विचाराल तर या प्रकरणात सांगण्याजोगं जे काही आहे ते भाचीच्या या शेवटच्या वाक्यात आलं. बाकीचा वाद म्हणजे त्यातलं खरं किती आणि ते भागवायचं कसं, एवढाच. पण मामांची बाजू ऐकल्याशिवाय ते वाक्य डोक्यावर घेऊन नाचू नये.

मामा : आता माझा हिशेब ऐक. त्या कुत्र्याने गादीवर मुतलं. चादर धुता येते, खोळ धुता येते. कापसाची गादी कशी धुणार? उन्हात टाकली, फिनाइल मारलं, वरून सेंट मारला. मंगळवारी पाऊस आला, हवा दमट झाली, वास परत हजर. शेवटी गादी उसवून कापूस पिंजायला दिला. तेवढे दिवस खोली बंद.

मामांच्या फिनाइलबद्दल एक आडवी गोष्ट सांगून टाकतो, कारण असं घरोघर होतं. मूत्रातलं युरिक आम्ल पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. ओल लागली की वास पुन्हा उठतो तो म्हणून. फिनाइलने तो झाकला जातो, जात नाही. अमोनिया असलेली जी काच-फरशी पुसायची द्रव्यं असतात त्यांचा वास तर कुत्र्याला मूत्रासारखाच येतो, म्हणजे पुढच्या कुत्र्याला जागा दाखवून दिल्यासारखं. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते आम्लच मोडतं. पण ते ओलं असेपर्यंत काम करतं, म्हणून भरपूर ओतून बराच वेळ तसंच ठेवावं लागतं. आणि आधी फिनाइल ओतून ठेवलं असेल तर त्याचा उपयोग कमी होतो. मांजराच्या वावरात तर फिनाइल ठेवूच नये. मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही.

भाची : गादीचं मला वाईट वाटतं. तिचे पैसे त्यांनी द्यायलाच हवेत. पण रेक्झिनचं कव्हर घातलं असतं तर? दारू पिऊन उलटी करणारे पाहुणे येतात, अंथरूण ओलं करणारी पोरं येतात. त्यांच्यासाठी पाटी नाही लावलीत.

मामा : पोराला दमा होत नाही ना पोरामुळे. मागे एकदा सोमवारी आलेला माणूस, तारापूरला रात्रपाळी करून आलेला. झोपला आणि दोन तासांत उठून बसला. छातीत घरघर. म्हणाला, इथे मांजर-कुत्रं आहे का? मी म्हणालो, नाही हो. खरं तेच सांगितलं. मला काय ठाऊक की खोलीत काल कोण होतं! तेव्हा खोटं बोलला तो आदला पाहुणा, पण खोटा पडलो मी.

भाची : ... भुरीचे केस फार गळत नाहीत.

मामा : केसांनी होत नाही ते, डॉक्टरांनी सांगितलं. लाळ आणि अंगाचा कोंडा.

डॉक्टर बरोबर सांगत होते. ॲलर्जी उठवणारी प्रथिनं लाळेत आणि कातडीच्या बारीक कोंड्यात असतात. केस फक्त वाहून नेतात. त्यामुळे ‘ही जात ॲलर्जी देत नाही’ या जाहिरातीत फारसा दम नाही. मांजराचं तर विचारूच नका. मांजर घरातून गेल्यावरही त्याचं प्रथिन गादी-पडद्यांतून कमी व्हायला काही महिने लागतात. सुट्टीला आलेल्या कुटुंबाला वाटतं की आपण आलो, राहिलो, झाडून-पुसून निघालो, प्रकरण मिटलं. किनाऱ्यावरच्या जागेत ते एक वेळ चालेल, कारण तिथे पुढचाही बहुधा सुट्टीवालाच. कोळगावात पुढचा माणूस कामाला आलेला असतो. त्याला उद्या सकाळी दहाला सुनावणीला उभं राहायचं असतं.

भाचीला हे पटलं असावं, कारण तिने विषय बदलला नाही, बाजू बदलली.

भाची : बरं. मग मला हे सांगा, लपवलेल्या कुत्र्याचं काय होतं? खोली ताब्यात येईपर्यंत त्याला गाडीत ठेवतात. काचा बंद, कारण भुंकला तर कळेल. मे महिन्यात.

बंद गाडी उन्हात उभी असली की तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण वीस अंशांनी चढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो. बसक्या नाकाचे पग आणि शिह त्झू तेही नीट करू शकत नाहीत. मामांच्या ओसरीवर चहा, नोंदवही, आधार कार्डांचे फोटो, गावगप्पा एवढं होईपर्यंत अर्धा तास जातोच.

मामा : आणि खोलीत? वरच्या माळ्यावर उंदीर आहेत, भाताचं घर आहे. खाटेखाली उंदराच्या औषधाच्या वड्या ठेवतो मी. माणूस खाटेखाली जात नाही. कुत्रं पहिलं तिथेच जातं. त्या दिवशी मी वर गेलो ते आधी खाटेखाली वाकलो. ते साहेब बघत राहिले. मी त्यांना म्हणालो, तुमच्या कुत्र्याने ही वडी खाल्ली असती ना, तर लगेच काही दिसलं नसतं. दोन-चार दिवसांनी बोरिवलीला रक्त ओकला असता.

भाची : तुम्ही हे मला सांगितलं नव्हतंत.

मामा : तू विचारलं नव्हतंस.

(हे मामांचं उट्टं. बरं जमलं.)

मामा : सांगितलं असतं तर वड्या काढल्या असत्या. मागे खाचरात घोणस निघते, तिकडे संध्याकाळी सोडू नका म्हणालो असतो. पलीकडच्या आळीत कुत्र्यांची टोळी आहे, शहरातलं कुत्रं पट्ट्याने बांधून त्यांच्यासमोर नेलं की फाडतात. हे सगळं मी सांगितलं असतं. पण नसलेल्या कुत्र्याला काय सांगणार?

गोचिडीचंही तसंच आहे. आपल्याकडची कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड घराच्या आत, भिंतीच्या भेगांच्या आधाराने, आपलं पूर्ण आयुष्य काढू शकते. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि पोट भरल्याशिवायही ती महिनोन्महिने दबून राहते. ती पाहुण्याच्या कुत्र्याबरोबर येऊ शकते आणि वाडीतून पाहुण्याच्या कुत्र्यावर चढूही शकते. गोचीडताप बहुधा तिच्यामुळेच होतो. म्हणजे इथे कोणी कोणाला काय दिलं हे नंतर ठरवणं अशक्य. यावर वाद घालून उपयोग नाही, दोघांनीही तो घातला नाही.

मग मामांनी आपला उपाय मांडला. पाटीवर नवी ओळ : ‘न सांगता प्राणी आणल्यास दंड रु. १०,०००.’

भाची : हे वसूल होणार नाही.

मामा : का? लिहिलंय ना.

बँकेतली माणसं करार वाचतात, त्यामुळे भाचीने उत्तर दिलं. मी ते जरा नीट करून देतो. भारतीय करार कायदा, १८७२. कलम ७४ म्हणतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई; लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. गादी पिंजायचा खर्च, खोली बंद राहिली त्या दिवसांचं भाडं, साफसफाई हे दाखवता आलं तर मागता येईल. दहा हजारांचा आकडा भीती घालायला ठीक, कोर्टात तो आपल्या पायावर उभा राहत नाही. त्यापेक्षा कलम १७ वाचण्यासारखं आहे. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं त्याचं स्पष्टीकरण सांगतं. बोलण्याचं कर्तव्य असेल तर गोष्ट वेगळी. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं मात्र फसवणुकीत मोडतं.

मामा : मग! टॉवेलात गुंडाळून जिन्यावरून वर नेणं म्हणजे गप्प बसणं की लपवणं?

भाची : ते लपवणंच झालं. पण सिद्ध तुम्हाला करावं लागेल. त्यापेक्षा आधी लेखी विचारा. सोबत प्राणी आहे का, हो की नाही. ‘नाही’ असं उत्तर आलं आणि कुत्रं निघालं, तर मग वादच उरत नाही, ते धडधडीत खोटं. करारही रद्द करता येतो. तुम्ही विचारतच नाही, म्हणून समोरच्याला खोटंही बोलावं लागत नाही!

मामा : म्हणजे कायदासुद्धा तुझ्याच बाजूने.

भाची : विचारण्याच्या बाजूने.

तिच्या बाजूने नसलेला कायदाही आहे, तो मला मधे सांगावा लागला. गृहसंकुलात पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक आहे आणि कुत्रेवाले ते फोनमध्ये जपून ठेवतात. पण ते तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. दोन रात्रींसाठी खोली घेणाऱ्याला ते लागू होत नाही. मामांच्या घरात मामांनी ‘नको’ म्हटलं तर तो त्यांचा अधिकार आहे. उलट दिशेला, पाहुण्याच्या कुत्र्याने शेजारच्या पोराला चावा घेतला आणि मालकाने पुरेशी काळजी घेतलेली नव्हती असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्रं ज्याच्या ताब्यात त्याच्यावर. आणि प्राण्याला क्रूरपणे वागवल्याबद्दल १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. गाडीत कोंडून ठेवलेल्या कुत्र्यासाठी पोलिसांकडे धावणाऱ्याने एवढं ठाऊक ठेवून धावावं. त्याआधी गाडीवाल्याला हाक मारावी.

अंध पाहुण्याचं मार्गदर्शक कुत्रं हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे ती फार थोडी आहेत. एअरबीएनबीसारख्या कंपन्या असं कुत्रं पाळीव प्राण्यांत धरतच नाहीत. मामांनीही क्षणभर विचार न करता सांगितलं, “ते कुत्रं नव्हे, ते त्याचे डोळे. तो येऊ दे.” पुढे गेलो.

खरं तर त्यांचा आणखी एक पाहुणा सांगायलाच हवा. मागे एक आजोबा पिंजऱ्यात पोपट घेऊन आले होते, आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला कंठी असलेला. मामांनी आनंदाने वरची खोली दिली. केस नाहीत, भुंकणं नाही, गादी शाबूत. वर मामींनी त्याला हिरवी मिरची घातली. आजवर त्या घरात उतरलेल्या सगळ्या जनावरांत कायद्याने पाळायलाच बंदी असलेला तेवढा तो एक. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. कुत्र्यासाठी पाटी, आणि पोपटाला मिरची!

मामी या वेळपर्यंत आत होत्या. त्या काळ्या कुत्र्याच्या रात्रीचा त्यांच्या बाजूचा भाग कुणी सांगितलाच नव्हता.

मामी : ओरडून झाल्यावर ह्यांनीच मला उठवलं. म्हणाले, भात उरलाय का? भात-ताक कालवून नेलं वर. त्याने वाटी चाटून घेतली.

मामा : मग उपाशी ठेवायचं काय? त्याने थोडंच बुकिंग केलं होतं?

भाचीने ही संधी सोडली नाही.

भाची : बघा मामा, तुम्ही धर्मराजाच्या पंगतीतले. स्वर्गाच्या दारात इंद्र म्हणाला कुत्रं आत चालणार नाही, तर युधिष्ठिर म्हणाला मग स्वर्गच नको.

मामा : अगदी बरोबर. पण कुठे म्हणाला? दारात. उभ्या-उभ्या, इंद्राच्या तोंडावर. धर्मराजाने कुत्रं शालीखाली घेऊन आत नेलं असतं तर ते महाप्रस्थानिक पर्व झालं नसतं, माझ्या वरच्या खोलीसारखं झालं असतं. तू तुझ्या लोकांना सांग, दारात सांगा. हो म्हणायचं की नाही ते इंद्राला ठरवू दे.

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. एवढं मात्र खरं की युधिष्ठिराची परत फिरायची तयारी होती. बोरिवलीहून दोन पोरं घेऊन आलेल्या बापाची ती नसते, आणि रात्री साडेनवाला मामांची त्यांना परत फिरवायची नसते. म्हणून दार ही जागा उशिराचीच. तरी कुत्रं दारातच कळलं तर काय करायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं, आणि ते मला शहाणपणाचं वाटलं : किल्ली द्यायच्या आधी बोलायचं, नंतर नाही. किल्ली हातात गेली की यजमानाची बाजू निम्मी संपते. मग उरते ती फक्त ओरडाआरडी आणि नंतरचे स्टार. वरची खोली नाही, खालची मिळेल. खालच्या खोलीला शहाबादी फरशी आहे. गादीला रेक्झिनची खोळ घालून देतो, कुत्र्याचं अंथरूण तुमचं तुम्ही घाला. त्याला खोलीत एकटं सोडून समुद्रावर जायचं नाही. अनोळखी खोलीत एकटं पडलं की ते दार खरवडतं, भुंकतं, आणि दोष कुत्र्याला लागतो. हे नको असेल तर पैसे परत घ्या आणि अमुक ठिकाणी विचारा. खोलीचे फोटो ताबा देताना काढायचे आणि सोडतानाही काढायचे, पाहुण्यासमोर. कंपनीमार्फत बुकिंग असेल तर हे फोटोच कामाला येतात. एअरबीएनबीवर प्राण्याने केलेल्या नुकसानीची मागणी करता येते, पण पाहुणा गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत. कापूस पिंजून येईपर्यंत वाट पाहत बसलात तर गेले ते दिवस.

पाहुण्याने रागाने एक स्टार दिला तर काय, हा मामांना वाटतो तेवढा मोठा प्रश्न मला वाटत नाही. खाली दोन ओळींत काय घडलं ते लिहावं, विशेषणं न लावता. वाचणाऱ्याला कळतं.

मग आली नोंदवही. मामांची वही जाड, लाल कापडी बांधणीची. नाव, पत्ता, ओळखपत्र, गाडी नंबर, कुठून आले, कुठे जाणार. परदेशी कुणी आला तर चोवीस तासांत सरकारला ठरलेला फॉर्म भरून द्यावा लागतो, तेही मामा चोख करतात. भाचीचं म्हणणं, एवढं सगळं विचारता तर एक रकाना आणखी आखा. आणि तो प्रश्न फाटकावर नको, फोनवर पहिल्याच बोलण्यात विचारा.

मामा : मी एक युक्ती काढली आहे. “कशाने येणार?” असं विचारतो. डहाणू लोकलने म्हणाले की सुटलो. २०१३ला ती लोकल सुरू झाल्यापासून बरेच जण तिनेच येतात, आणि त्या गर्दीत कुत्रं घेऊन कोण चढणार? गाडीने म्हणाले की मग पुढचा प्रश्न.

भाची : ही युक्ती झाली. मला सरळ प्रश्न हवाय. “सोबत कोणी प्राणी आहे का? असेल तर खालची खोली मिळेल.” दुसरं वाक्य पहिल्याला चिकटूनच आलं पाहिजे. नुसतं “प्राणी आहे का” म्हणालात तर ऐकणाऱ्याला पुढचं “नाही” ऐकू येतं, आणि तो “नाही” म्हणून टाकतो.

मामा : आणि रेबीजची लस?

भाची : तारीख विचारा. कागद मागा. खऱ्या कुत्रेवाल्याला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस असो की कुत्रा, वाचत नाही म्हटलं तरी चालेल. आळीतल्या टोळीशी माझ्या भुरीची झटापट झाली तर मलाच त्या कागदाचा आधार.

इथपर्यंत जुळलं. पैशांवर पुन्हा फाटलं, आणि ते अजून फाटलेलंच आहे. मामांना सांगून आणलेल्या कुत्र्यासाठी रात्रीचे तीनशे जास्त हवेत : जास्तीची झाडझूड, खोळ, पुढच्या दिवशी खोली उघडी ठेवून वारा देणं. भाचीचं म्हणणं, अनामत घ्या, नुकसान झालं नाही तर परत करा. नुकसान झालं नसताना खरं बोलल्याबद्दल तीनशे रुपये का? मामा म्हणतात, खरं बोलल्याबद्दल नाही, कुत्र्याबद्दल. भाची म्हणते, पाहुण्याला दोन्ही एकच वाटतं. मला या ठिकाणी मामांचं जास्त पटतं. झाडझुडीला मजूर लागतो आणि तो अनामत रकमेवर काम करत नाही. पण तीनशे म्हणजे तीनशेच; लपवून आणलेल्याकडून मागायचा खर्च त्याच्या कितीतरी पट असला पाहिजे, आणि दोन्ही आकडे फोनवर एका दमात सांगितले पाहिजेत. तरच मघाचा तो भाव उलटा होईल.

वरच्या दोन खोल्या मात्र मामांनी सोडल्या नाहीत. तिथे कधीच, कुणाचंच, कितीही पैसे दिले तरी जनावर जाणार नाही. भाचीने थोडा हट्ट धरला, रविवार-सोमवारमध्ये एक दिवस रिकामा ठेवला तर? मामांनी त्या रात्रपाळीवाल्याची आठवण करून दिली. तो अजूनही तारापूरला आला की यांच्याकडेच उतरतो, येण्याआधी फोन करून विचारतो, आणि मामांना त्याला छाती ठोकून “नाही” म्हणता आलं पाहिजे. भाचीने मान डोलावली. मग रकाना आखायला पट्टी शोधत असताना तिने सहज विचारलं,

“आणि मांजर? मांजराला खालची खोली द्याल ना?”

“मांजराला अजिबात नाही.”

“का? सांगून आणलं तरी?”

“सांगून आणलं तरी. खालच्या खोलीच्या खिडकीला लागून कोंबड्यांचं खुराडं आहे. त्यांना कोण विचारणार?”